सादिकभाईंच्या दवाखान्यातला रबरी माणूस

"आज पन सुईच काडली बग त्यानं," गुणाबाई माझ्या पायाशी बसून पुटपुटली. "मी आपली बरी झाले. लडकू, तू बी बरा हो. हो पटकन."

लडकू कंबर धरून बाकावर तिरका बसला होता. तो सरळ झाला. चेहरा वाकडा करून का होईना, पण सरळ झाला आणि म्हणाला, "झालो."

मित्रांनो, माणसं औषध घेऊन बरी होतात हे तुम्हाला ठाऊक आहे. सुई टोचून बरी होतात हेही कुणी सांगितलं असेल. पण नुसती सुई बघून बरी होणारी माणसं फक्त आमच्याकडेच मिळतील. मी एक जुना रबरी माणूस आहे. उंची वीस इंच, रंग एकेकाळी गव्हाळ, आता शिळ्या भाकरीसारखा. भिवंडीत सादिकभाईंच्या ॲक्युपंक्चरच्या दवाखान्यात खिडकीजवळच्या फळीवर मी उभा असतो. पेशंटचा बाक माझ्या फळीला टेकलेला आहे. त्यामुळे डॉक्टरांच्या कानावर जाऊ नये असं जे काही बोललं जातं, ते सगळं माझ्या कानावर येतं.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघालो तेव्हा मी कोरा होतो. मग एका बाईने बारीक ब्रशने माझ्या अंगावर रेषा काढल्या आणि रेषांवर ठिपके दिले. प्रत्येक ठिपक्याला नाव आणि नंबर. नियमाप्रमाणे नावं तीनशे एकसष्ट. पण ठिपके देता देता तिची जेवायची सुट्टी झाली. परत आल्यावर आपण कुठवर आलो होतो ते तिला आठवेना, म्हणून माझ्या डाव्या पोटरीवर एक ठिपका जास्त पडला आहे. त्याचा उपयोग कशाला होतो हे अजून कुणाला कळलेलं नाही.

सादिकभाईंनी मला मुंबईहून आणलं, तेव्हा इशरतभाभींनी खोका उघडला आणि लगेच बंद केला.

"अहो, हा असाच उभा राहणार? दवाखान्यात बायका येतील!"

"अगं, तो शिकवायचा माणूस आहे. त्याला काय लाज?"

"त्याला नसेल. मला आहे."

संध्याकाळपर्यंत भाभींनी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर विणलेल्या कोऱ्या कापडाची छोटी लुंगी शिवून मला नेसवली. अडचण एवढीच झाली की कंबरेचे आणि पोटाखालचे बरेच महत्त्वाचे बिंदू त्या लुंगीत गेले. ते दाखवायची वेळ आली की सादिकभाई आधी मला "माफ करा हां" म्हणतात आणि मग लुंगी वर करतात. इतक्या आदराने वागवलेला रबरी माणूस दुसरा नसेल.

सादिकभाई पूर्वी लूमच्या धंद्यातच होते. लूमवर उभ्या धाग्यांचा नवा रूळ, म्हणजे बीम चढला की त्याचे हजारो धागे बारीक बारीक डोळ्यांतून एकेक करून ओवावे लागतात. ते काम त्यांचं. एक धागा चुकला तर कापडाच्या पूर्ण ताग्यात रेघ उमटते. त्यांची रेघ कधी उमटली नाही. पुढे मान धरली, एका ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांनी ती सोडवली, आणि सादिकभाई त्यांच्याच मागे लागले. तीन वर्षं मुंबईला जाऊन कोर्स केला, रजिस्ट्रेशन घेतलं. माझ्या अंगात पहिली सुई घातली तेव्हा मला कळलंच नाही. रबराला तसंही काही कळत नाही म्हणा. पण शेजारच्या ठिपक्यालाही कळलं नाही, एवढा तो हात हलका होता.

चीनची विद्या त्यांनी भिवंडीच्या भाषेत आणली. ते म्हणत, "शरीरात एक शक्ती वाहते. लूमला करंट असतो ना, तसं. आता करंट आहे, मोटर चांगली आहे, पट्टा चांगला आहे, तरी लूम बंद. म्हणजे मध्येच कुठेतरी अडकलंय. सुई ते अडकलेलं सोडवते."

शरीरात थंड आणि गरम, सावली आणि ऊन अशी जोडी असते आणि दोघांचा तोल राहावा लागतो, हे सांगायला त्यांना पाळ्या बऱ्या सापडल्या. "रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने घरी जावं. गेलाच नाही तर? दोघं एका लूमवर भांडतील. त्यालाच झोप न येणं म्हणतात." हे ऐकून न झोपणारे कामगार मान डोलवत. एकदोघं तिथेच डुलकी घेत.

लाकूड, आग, माती, धातू, पाणी, ही पाच तत्त्वं एकातून एक निघतात असंही ते शिकवत. लाकडातून आग, आगीतून राख, म्हणजे माती, मातीतून धातू. इथे लडकू अडायचा. लडकू टेम्पो चालवतो. "धातूतून पाणी कसं निघणार, भाई?" सादिकभाई म्हणाले, "पहाटे टेम्पोच्या पत्र्यावर हात फिरव." लडकूने दुसऱ्या दिवशी खरंच पहाटे हात फिरवला, आणि तेव्हापासून तो या विद्येचा भक्त झाला.

तपासायच्या दोन रीती. एक जीभ, दुसरी नाडी. जिभेचा रंग, तिच्यावरचा थर, कडेला दातांच्या खुणा, सगळं बघायचं. गुणाबाई अंबाडी गावाकडून पहिल्यांदा आली आणि तिने जीभ काढली, तेव्हा सादिकभाई दोन पावलं मागे सरले. अशी काळी जीभ त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. मग त्यांनी वास घेतला आणि केसपेपरवर लिहिलं, "मशेरी."

नाडी मात्र ते डोळे मिटून बघत. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून, आधी हलकेच, मग दाबून. चिनी पुस्तकात एक नाडी ताणलेल्या तारेसारखी लागते असं लिहिलं आहे. इतरांना ती ओळखायला वर्षं लागतात. सादिकभाईंनी उभा जन्म ताणलेले धागे हाताळले होते. त्यांनी ती पहिल्याच दिवशी ओळखली.

गुणाबाईच्या गुडघ्याखाली त्यांनी सुई लावली ती जागा फार नामांकित आहे. दमलेल्या वाटसरूने तिथे उपचार घेतला की तो आणखी तीन मैल चालतो, असं जुने चिनी लोक म्हणत. सादिकभाईंनी ते कौतुकाने सांगितलं. गुणाबाई म्हणाली, "तीन मैलांत काय हुतंय? फाट्यापास्नं माजं घर पाच मैल हाय. दोन टोच."

काही आठवड्यांनी ती काठी न घेता आली. सगळेच असे सुधारत नसत. काहींना सादिकभाई पहिल्याच दिवशी सांगत, "हे माझं काम नाही, सरकारी हॉस्पिटलला जा." म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. शेकायच्या वेळी ते नागदवण्याच्या जातीच्या पाल्याची कांडी पेटवत. ती कातडीजवळ धरायची, नुसती ऊब द्यायची. एकदा लडकूच्या कंबरेवर ती चालू असताना धूर खिडकीतून गल्लीत गेला. आमच्या गावात धूर दिसला की लोक कारण विचारत नाहीत, बादली आणतात. समोरच्या कारखान्यातले चौघं धावत आले आणि त्यांनी लडकूवर आणि माझ्यावर पाणी ओतलं. माझी लुंगी दोन दिवस वाळत होती.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. ती सांगताना मला थोडं अवघडल्यासारखं होतं.

आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम आहेत. ते चालू असले की सगळं हलतं. फळी हलते, कॅलेंडर हलतं, ग्लासातलं पाणी हलतं. मी तर हलत हलत गोल फिरतो. सकाळी पेशंटकडे तोंड करून उभा केलेला मी संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभा असतो. अशा गावात कुणाचा हात हलला तर ते कुणाच्या ध्यानात येणार?

ते माझ्या ध्यानात आलं. सादिकभाई रोज सकाळी दवाखाना उघडला की माझ्यावर पाच सुया लावून हात साफ करून घेत. कुणी गाणारा सकाळी सूर लावतो, तसं. वर्षानुवर्षं सुई ठिपक्याच्या मधोमध पडायची. मग ती ठिपक्याच्या कडेला पडू लागली. मग बाहेर. एक दिवस पोटावरच्या बिंदूची सुई माझ्या बेंबीत गेली. सादिकभाई खिडकीबाहेर बघून म्हणाले, "या लूमवाल्यांनी तर नकोसं केलंय."

इशरतभाभीही तेच म्हणाल्या. पेशंटही तेच म्हणाले. सगळ्यांचं एकमत होतं की लूम फार हलवतात.

पण शुक्रवारी लूम बंद असतात. कामगारांना सुट्टी म्हणून आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी. अशाच एका शुक्रवारी कॅलेंडर गप्प होतं, ग्लासातलं पाणी गप्प होतं, मी जागच्या जागी होतो आणि सादिकभाईंच्या हातातली सुई मात्र डुलत होती. त्यांनी ती पाहिली. गुणाबाईने पाहिली. लडकूने पाहिली. पुढच्या आठवड्यात दारावर नवी पाटी लागली. "शुक्रवारी दवाखाना बंद राहील."

आणि मित्रांनो, तेव्हापासून आमच्याकडे पेशंट बरे व्हायला लागले.

गुणाबाईचा गुडघा पावसापाण्याने पुन्हा धरला होता. ती लंगडत यायची, आणि सुईचं पाकीट फाडल्याचा आवाज आला की उठून उभी राहायची. "ऱ्हाऊ दे सादिकभाय, उतरलं बग सगलं." लडकूची कंबर दारात शिरताना दुखायची आणि बाकावर बसेपर्यंत थांबायची. कुणाचं डोकं, कुणाची टाच, कुणाचा खांदा, सगळं पाच मिनिटांत ठीक. मग येता कशाला, असं तुम्ही विचाराल. त्यांना सादिकभाईंनी जीभ बघायला हवी असायची. नाडी बघायला हवी असायची. "झोप लागते का? भूक कशी आहे? मुलाचं जमलं का?" हे त्यांनी विचारायला हवं असायचं. त्यासाठी ती माणसं दोन-दोन रिक्षा बदलून येत आणि सुईआधी बरी होऊन परत जात.

नाव झालं हो! "भिवंडीला एक डॉक्टर आहे, सुई दाखवली की माणूस उठतो." आधी दिवसाला दहा पेशंट यायचे, ते तीस झाले. सादिकभाई खुश दिसायचे. पण सकाळी माझ्यासमोर उभे राहिले की त्यांची बोटं माझ्या खांद्यावर नुसतीच टेकलेली राहायची. सुया ते आता दोनच लावत. कधी एकही नाही.

हे सगळ्यात जवळून पाहणारं दुसरं माणूस म्हणजे माधवी. ती मानकोलीची. तिथल्या गोडाऊनमध्ये पॅकिंगला होती. मनगट दुखतं म्हणून इथे आली, मनगट सुधारल्यावरही येत राहिली. सादिकभाईंनीच तिला फॉर्म आणून दिला. कोर्स, परीक्षा, रजिस्ट्रेशन, तिने सगळं केलं. दुपारी दवाखाना रिकामा असला की ती माझ्यावर सराव करायची. तिची सुई ठिपक्याच्या मधोमध पडते. ती पडली की माधवी खुश व्हायच्या ऐवजी घाईने काढून टाकायची, कुणी पाहिलं तर काय, अशी.

एका दुपारी माझ्या फळीखाली माधवी आणि भाभी या दोघींचं बोलणं झालं.

"भाभी, तुम्ही सांगा ना सरांना."

"मी? बत्तीस वर्षं झाली निकाहाला. ते घोरतात हे मी अजून सांगितलेलं नाही."

"मग कोण सांगणार?"

"तू सांग. तू शिकलेली आहेस."

"मी सांगितलं तर म्हणतील, पोरीचा खुर्चीवर डोळा आहे."

"कोण म्हणेल?"

"सगळेच."

त्या सगळ्यांमध्ये आपणही होतो की काय, असा चेहरा करून भाभी माझी लुंगी नीट करत राहिल्या. मग त्यांनी गुणाबाईला गळ घातली. गुणाबाईने पदर खोचला आणि सांगून टाकलं, "मी न्हाय सांगनार. त्यानं मला चालती केली. त्याला मी बसवू?"

आणि मी? माझ्या अंगावर तीनशे एकसष्ट नावं आहेत, शिवाय एक ठिपका फुकट. पण ज्याला दाबलं की मला बोलता येईल असा त्यात एकही नाही.

अशा आत्मकथेच्या शेवटी वस्तूने मुलांकडे काहीतरी मागायचं असतं. माझी धूळ पुसा, मला उन्हात ठेवू नका, वगैरे. मित्रांनो, मी ते आत्ताच मागून घेतो, कारण पुढचं सांगितल्यावर मला काही सुचणार नाही. माझ्यावर धूळ बसली तर बसू द्या. पण आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून त्याच्यासमोर खोटं खोटं बरं होऊ नका. त्याने त्याला बरं वाटत नाही. तो फक्त एकटा पडतो. सादिकभाई एवढ्या गर्दीत किती एकटे होते, ते रोज सकाळी मी बघत होतो.

तर तो दिवस मंगळवारचा होता. एजाज नावाचा एक तरणा माणूस आला. मानकोलीला ट्रक भरतो. मान अशी वाकडी झालेली की खांदा आणि कान यांच्यात मोबाईल धरलाय असं वाटावं. तो आमची ख्याती ऐकून आला होता, पण ख्यातीचं कारण त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सादिकभाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि खुश झाले. "नाडी तारेसारखी आहे. खांद्यावर एक सुई लावली की सुटेल." एजाजने शर्ट काढला आणि टेबलावर पालथा झोपला. कुणीतरी खरोखर सुई घ्यायला झोपलं, असं फार दिवसांनी होत होतं.

माझ्या खांद्यावर तो बिंदू आहे. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध. माधवीला तो शिकवताना सादिकभाईंनी तिच्या हातावर चापटी मारली होती. "इथे खाली फुप्फुस आहे. इथे हात वाकडा गेला तर माणूस श्वासाला महाग होतो. इथे घाई नाही, इथे शहाणपणा नाही." हे सगळ्या बाकाने ऐकलेलं होतं.

सादिकभाईंनी सुईचं पाकीट फाडलं. गुणाबाई झटकन उठली.

"सादिकभाय, आदी माजी जीब बग!" आणि तिने काढली.

"माझी पण," म्हणत लडकूनेही काढली.

सादिकभाईंनी दोघांच्या जिभांकडे पाहिलं. "तुम्ही तर आत्ताच बरे झालात ना?"

दोन्ही जिभा आत गेल्या.

"अहो, चहा घेता का?" भाभी आतून म्हणाल्या.

"नंतर."

"सर," माधवी म्हणाली, "आधी कातडी ओढणारे काचेचे कप लावूया का खांद्याला? रक्त फिरेल."

"सुईनेच सुटेल."

"मग पाल्याने शेकूया?"

"माधवी," ते म्हणाले, "मला माझं काम करू दे."

आणि लाइट गेली.

आधी समोरचा कारखाना थांबला, मग त्याच्या मागचा, मग पलीकडच्या गल्लीतले. आवाज लांब लांब जात संपला. माझी फळी स्थिर झाली. कॅलेंडर भिंतीला चिकटलं. मंगळवारी, भर दुपारी, भिवंडी शांत झाली. आणि खिडकीतून येणाऱ्या उजेडात सादिकभाईंच्या चिमटीतली सुई थरथरत राहिली.

सगळे बघत होते. सादिकभाई बंद पंख्याकडे बघत होते.

"लाइट येऊ दे," ते म्हणाले. "एवढ्यात येईल."

आम्ही थांबलो. लाइट आली नाही. टेबलावर एजाजने जमेल तेवढे डोळे वळवले, आणि त्याला सुई दिसली. मला वाटलं, हा नवा आहे, याला कशाची भीड नाही, हा बोलेल.

"डॉक्टरसाब," एजाज म्हणाला, "ठीक हो गया."

त्याची मान होती तशीच वाकडी होती.

"एकदम ठीक. कसम से."

सादिकभाई हसले. छोटंसंच हसले. "बघ माधवी. आणखी एक बरा झाला. आपल्याकडे कुणी आजारीच राहत नाही." मग त्यांचं हसू गेलं. एजाजच्या पाठीवर डावा हात ठेवून ते म्हणाले, "झोपून राहा, बेटा. तुझी मान काही सुटलेली नाही. मला कळतं." आता थांबलं असतं तर सगळं कबूल केल्यासारखं झालं असतं. त्यांनी श्वास रोखला आणि सुई खाली न्यायला सुरुवात केली. ती खांद्याच्या त्या जागेवर, तिच्या अलीकडे, तिच्या पलीकडे अशी डोलत खाली येत होती.

माधवीने सुईच्या आणि खांद्याच्या मध्ये आपला हात घातला.

सुई तिच्या हाताच्या मागच्या बाजूला शिरली. तिथे कुठलाही बिंदू नाही, हे मी खात्रीने सांगू शकतो. रक्ताचा एक थेंब वर आला. तिने हात मागे घेतला नाही. दुसऱ्या हाताने तिने सादिकभाईंचं मनगट धरलं, आणि तिचंही मनगट हलायला लागलं.

गुणाबाईने तोंडाला पदर लावला. भाभी दारात उभ्या होत्या.

"सर," माधवी म्हणाली, "लूम बंद आहेत. तुमचाच हात थरथरतोय."